साहेब लोक शिकतात कुठं?

सडक अर्जुनीच्या तहसीलमध्ये नवीन साहेब आले की आमची आजी विचारायची, "हे साहेबकी शिकतात कुठं?"

इंग्रजांच्या काळी साहेबाला वसुली अन् बंदोबस्त जमला की भागायचं. पण १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या. शाळा, दवाखाने, पाणी, सगळं सरकारी माणसाच्या अंगावर आलं. पुढच्याच वर्षी, १९६३ ला, मुंबईत अधिकाऱ्यांसाठी प्रशिक्षण संस्था निघाली. १९८४ ला ती पुण्यात गेली. १९९० पासून तिचं नाव यशदा. आता नागपूरच्या वनामतीतही वर्ग भरतात, म्हणजे आपल्याच हायवेनं सरळ.

हे सगळं आजीला सांगितलं. ती म्हणाली, "मंग आपली झाडीबोली कोण शिकवते त्यांना?"