चामडे, कागद, रुमाल : बडोद्याच्या दफ्तराची पूर्वपीठिका

मराठी कारभारात ‘दफ्तर’ हा शब्द लिहिलेल्या कागदांना, ते कागद बांधून ठेवलेल्या गाठोड्याला आणि ती गाठोडी सांभाळणाऱ्या खात्याला, अशा तिन्ही गोष्टींना लावला जात असे. गायकवाडांच्या बडोद्यातही हे तिन्ही अर्थ एकत्र नांदत होते. मराठीत हा शब्द फारसीतून आला आणि त्याचे मूळ ग्रीक ‘डिफ्थेरा’, म्हणजे कमावलेले कातडे, या शब्दात असल्याचे कोशकार सामान्यतः मानतात. आयोनियन ग्रीक लोकांना एके काळी पपायरस मिळत नसल्याने ते शेळ्यामेंढ्यांच्या कातड्यावर लिहीत आणि म्हणून पुढे पपायरसच्या ग्रंथांनाही कातडीच म्हणत, असे हिरोडोटसने इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकात नोंदवले आहे. इराणच्या राजदरबारी वैद्य असलेल्या क्टेसिअसने आपला इतिहास तेथील ‘राजकीय डिफ्थेरां’च्या आधारे लिहिल्याचा दावा केला होता, आणि इजिप्तचा इराणी क्षत्रप अर्शाम याची कातड्यावरील अरामी पत्रे आजही उपलब्ध असल्याने तेथील राजलेखनात कातडे वापरले जात होते, हे निश्चित आहे. घशात चामड्यासारखा पापुद्रा धरणाऱ्या घटसर्पाचे ‘डिफ्थीरिया’ हे नावही याच ग्रीक शब्दावरून पडले आहे.

दख्खनच्या सुलतानशाह्यांत फारसी ही राज्यकारभाराची भाषा असल्याने ‘दफ्तर’ आणि दफ्तराचा अधिकारी तो ‘दफ्तरदार’ हे शब्द मराठीत रुळले. शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून सिद्ध झालेल्या राजव्यवहारकोशाने अशा यावनी संज्ञांना संस्कृत पर्याय सुचवले, तरी पेशवाईतील कारकुनांच्या लेखणीतून ‘दफ्तर’ गेले नाही. १७३४ मध्ये बडोदे गायकवाडांच्या ताब्यात आल्यावर हीच कारभारी परिभाषा तेथे स्थिरावली, आणि गुजराती प्रजेच्या राज्यातील हिशेब व पत्रव्यवहार मोडी लिपीतील मराठीत लिहिला जाऊ लागला. कागदांचे गठ्ठे ज्या चौकोनी कापडात बांधत, त्याला ‘रुमाल’ म्हणत. हा शब्दही फारसीच असून त्याचा मूळ अर्थ ‘तोंड पुसण्याचे वस्त्र’ असा आहे.

या कागदांकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहणाऱ्यांत बडोद्याशी निगडित असलेले ठळक नाव गोविंद सखाराम सरदेसाई यांचे आहे. १८८९ मध्ये ते सयाजीराव गायकवाडांच्या सेवेत वाचक म्हणून रुजू झाले, बडोद्यातच त्यांनी ‘रियासत’ या आपल्या इतिहासग्रंथमालेच्या लेखनास आरंभ केला, आणि सेवानिवृत्तीनंतर त्यांनी पुण्याच्या पेशवे दफ्तरातील निवडक कागद ४५ खंडांत संपादित केले. खुद्द बडोदे सरकारनेही आपल्या दफ्तरातील ऐतिहासिक वेचे छापण्यास १९३४ मध्ये प्रारंभ केला.

त्याआधी, १९३१ मध्ये, बडोदे राज्याने ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा कारभारविषयक संज्ञांचा कोश प्रसिद्ध केला होता. त्यात इंग्रजी संज्ञांपुढे गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली प्रतिशब्द दिले आहेत. राजव्यवहारकोशाला फारसी शब्दांच्या जागी संस्कृत शब्द आणायचे होते, तर बडोद्याच्या कोशाने फारसीला इतर भाषांच्या बरोबरीने स्वतंत्र रकाना दिला. या फरकात दोन काळांतील राज्यकर्त्यांच्या भाषिक गरजांचे अंतर दिसते.

पुढे हिंदीत ‘दफ़्तर’ प्रामुख्याने कचेरीचा वाचक राहिला, तर मराठीत व गुजरातीत तो शाळकरी मुलांच्या पिशवीला लागू झाला, कारण कागद बांधणाऱ्या कापडाचा अर्थ पाटीपुस्तके बांधून नेणाऱ्या कापडापर्यंत सहज पोहोचत होता. ‘दप्तरी दाखल करणे’ व ‘दप्तरदिरंगाई’ या प्रयोगांत मात्र कचेरीचा जुना अर्थ टिकून आहे. प्राचीन ग्रीकमध्येही ‘डिफ्थेरा’ चामडी पिशवीसाठी वापरत, आणि झेनोफनने सैनिकांच्या दगडांनी भरलेल्या पिशव्यांचा उल्लेख याच शब्दाने केला आहे. परंतु फारसीने ग्रीकमधून केवळ लेखनाचा अर्थ उचलला असल्याने मराठी दप्तराचा पिशवीवाचक अर्थ हा ग्रीकचा वारसा नसून कारकुनांच्या रुमालातून स्वतंत्रपणे निपजलेला आहे.