मालमत्ता व्यवस्थापन (अभियांत्रिकी)

मालमत्ता व्यवस्थापन म्हणजे बांध, पूल, लोहमार्ग, यंत्रे अशा भौतिक साधनांची उभारणीपासून ती मोडीत काढेपर्यंत घेतली जाणारी पद्धतशीर काळजी. खर्च, जोखीम आणि मिळणारी सेवा यांचा मेळ घालणे हा तिचा गाभा आहे. आयएसओ ५५००० ही यासंबंधीची आंतरराष्ट्रीय मानकमाला २०१४ साली प्रसिद्ध झाली. नवे बांधण्याचे आणि बांधलेले टिकवण्याचे कौशल्य एकच नव्हे. रायगड जिल्ह्यातील पेण व रोहा परिसरात हा फरक ठळकपणे दिसतो.

खारबांध

पेण तालुक्यातील खाडीकाठची भातशेती मातीच्या खारबांधांवर अवलंबून आहे. बांधातील उघाडी ओहोटीला आतले पाणी बाहेर सोडते आणि भरतीला मिटते. खेकड्यांची बिळे, लाटांनी होणारी झीज व नादुरुस्त झडपा यांमुळे बांध कमकुवत होतो. एरवी किरकोळ वाटणारी गळती उधाणात रुंदावते आणि खांड पडते. खारे पाणी शिरलेली जमीन पुढील काही हंगाम नापीक राहू शकते. म्हणून दुरुस्तीचा क्रम बांधाच्या लांबीवरून नव्हे, तर कोठे फुटल्यास किती शेती बुडेल यावरून लावावा लागतो.

अभियंत्याला येथे मृद्‌यांत्रिकीबरोबरच भरती-ओहोटीचे गणित आणि कांदळवनाचे कार्य समजावे लागते. कांदळवन लाटांचा जोर मोडते. ते तोडून बांधाला माती घालणे म्हणजे एका हाताने दुरुस्ती व दुसऱ्याने मोडतोड. पूर्वी शेतकरी श्रमदानाने बांध राखत. महाराष्ट्र खारजमीन विकास अधिनियम, १९७९ नुसार शासकीय योजनांची व्यवस्था चालते. दरवर्षी पाणी कोठे झिरपते हे गावाला ठाऊक असते, अंदाजपत्रक मात्र कार्यालयात बनते. त्यामुळे ग्रामस्थांकडून माहिती मिळवून तिची नोंद ठेवणे हे तांत्रिक कामच ठरते.

लोहमार्ग

कोकण रेल्वेचा मार्ग रोहा येथून सुरू होतो. त्याच्या उत्तरेस मध्य रेल्वेची हद्द आहे. १६ जून २००४ रोजी महाड तालुक्यातील करंजाडीजवळ रुळांवर आलेल्या दरडीमुळे मत्स्यगंधा एक्सप्रेस घसरली. या मार्गावर पावसाळी गस्त, वेगमर्यादा व उतारांचे संरक्षण हे देखभालीचे मुख्य भाग आहेत. रुळांइतकीच बाजूच्या डोंगराचीही तपासणी करावी लागते.

तपासणीच्या मर्यादा

२ ऑगस्ट २०१६ रोजी महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात कोसळला. त्याच वर्षी मे महिन्यातील पाहणीत तो सुरक्षित मानला गेला होता. वरून दिसणाऱ्या भेगांची नोंद पुरेशी नसते. पाण्याखालील पायाची धूप तपासणे आणि पुराची पातळी वाढताच वाहतूक थांबवण्याचा अधिकार कोणाकडे, हे आधी ठरलेले असणे तितकेच आवश्यक असते.