गुराबेची नाळ



नागपुरात आरमारावर बोलणे म्हणजे वाळवंटात पोहणे शिकवण्यासारखे, असे कोणी म्हणेल. पण आपल्या भोसल्यांच्या हाती १७५१ पासून १८०३ पर्यंत ओडिशाचा किनारा होता, बालासोरचे बंदर होते, हे आपण विसरतो. नाव घेण्याजोगे आरमार मात्र तेथे उभे राहिले नाही. ते उभे राहिले कोकणात. म्हणून आज आपल्याला तिकडे जावयाचे आहे.

कान्होजी आंग्र्यांविषयी आपण नेहमी शौर्याच्या भाषेत बोलतो. शौर्य होतेच, पण मुंबईकर इंग्रजांचे खलाशी काही भित्रे नव्हते. मग आंग्र्यांच्या लहान नावा त्यांच्या मोठ्या जहाजांना कशा जेरीस आणीत? माझ्या मते याचे अर्धे उत्तर नावेच्या तळाशी आहे.

तळ्यात होडी हाकलेल्या माणसाला हे पटकन समजेल. लांब, खोल आणि सरळ कण्याची नाव रेघ आखल्यासारखी जाते. पण वळवू म्हटले की तिच्या सबंध लांबीला पाणी आडवे येते. उथळ तळाची नाव वल्ह्याच्या दोन फटक्यांत फिरते. मात्र बाजूने वारा सुटला की तीच भलतीकडे वाहवत जाते. दोन्ही गुण एकाच नावेत पुरेपूर मिळत नाहीत. बांधणाऱ्याला एकाची निवड करावी लागते.

कोकणातली निवड कोणती होती, याचे उत्तम वर्णन शत्रुपक्षाच्याच एका इतिहासकाराने केले आहे. रॉबर्ट ऑर्मच्या १७६३ साली निघालेल्या ग्रंथात ते सापडते. गुराब दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, दीडशे ते तीनशे टनांची. लांबीच्या मानाने ती रुंद; पण मध्यापासून पुढे निमुळती होत गेलेली, आणि पुढे चोचीसारखी निघालेली नाळ. ९ किंवा १२ पौंडी दोन तोफा या नाळेवरून समोर मारा करीत. गलबत त्याहून लहान, क्वचितच सत्तर टनांच्या वर. त्याला चाळीस-पन्नास वल्ही, आणि वेग ताशी चार मैलांचा. चार मैल म्हणजे काय मोठेसे, असे वाटेल. पण वारा पडला की शिडाचे जहाज जागच्या जागी खिळते. तेव्हा हेच चार मैल सर्वस्व ठरतात.

अशा वेळी गलबते गुराबांना ओढीत नेत आणि सगळा ताफा जहाजाच्या पिछाडीला जमे. जहाजाच्या बहुतेक तोफा दोन्ही कुशींना; मागे तोंड फिरवावे तर वारा नाही. गुराबा लांबूनच डोलकाठ्यांवर मारा करीत. जहाज पांगळे झाले की गलबतांतून माणसे तलवारी घेऊन वर चढत. याची चुणूक शिवकाळातच दिसली होती. १६७९ साली खांदेरीभोवती इंग्रजांचा पहारा असताना रात्रीच्या अंधारात लहान होड्या बेटावर रसद पोहोचवीत राहिल्या.

या निवडीची किंमतही होती, आणि ती आपल्याकडे सांगितली जात नाही. समोरून लाट आली की गुराब फार हेलकावे खाई. म्हणून नाळेला कठडाच ठेवीत नसत, वर आलेले पाणी तसेच वाहून जावे. असल्या नावेने खोल समुद्रात जाऊन मोठ्या युद्धनौकांशी कुशीला कूस लावून झुंजावे, ही अपेक्षाच चुकीची. ती खाड्यांची, किनाऱ्यालगतच्या पाण्याची लेकरे. आणि तिला मागासलेली म्हणणाऱ्यांना एवढेच सांगावे, की मुंबईकर इंग्रजांनी स्वतःच्या आरमारात गुराबा आणि गलबते ठेवली होती.

वळणे हाच जिचा जीव, ती नाव बांधून ठेवली म्हणजे काय होते, हे फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गावर दिसले. तुळाजी आंग्र्यांविरुद्ध नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली होती. वॉटसनची जहाजे खाडीत शिरली तेव्हा तुळाजींचा ताफा किल्ल्याच्या आडोशाला एकमेकांस बांधून उभा होता. त्यात आंग्र्यांनी पूर्वी इंग्रजांकडूनच जिंकलेले ‘रेस्टोरेशन’ नावाचे जहाज होते. तोफेचा पेटता गोळा त्यावर पडला आणि तेथून आग सबंध ताफ्यात पसरली. एकाही गुराबेला नाळ फिरवावयास अवसर मिळाला नाही.