होडीवाटांचे अरण्य

अमेरिकेतील मिनेसोटा राज्य आणि कॅनडाचा ऑन्टॅरिओ प्रांत यांच्या सीमेवर एक जलमय अरण्य पसरलेले आहे. हिमयुगातील बर्फाने तेथील खडक कोरला आणि वितळताना मागे हजारांवर सरोवरे ठेवली. एका सरोवरातून दुसऱ्यात जावयाचे, तर होडी खांद्यावर घेऊन पायवाट तुडवावी लागते. भूर्जाच्या सालीच्या हलक्या होड्यांतून संचार करणाऱ्या ओजिब्वे लोकांची ही परिचित वाट. पुढे कातड्यांच्या व्यापाऱ्यांचे नावाडी त्यांच्याच मागोमाग गेले. १८५४ च्या तहाने या भूमीचा मोठा भाग ओजिब्वेंच्या हातून गेला. शिकारीचा व मासेमारीचा हक्क तेवढा त्यांनी राखला.

१९०९ साली राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी येथे सुपीरियर राष्ट्रीय अरण्य घोषित केले. अरण्य राष्ट्राचे झाले. पण ते कोणत्या उपयोगाचे, हा प्रश्न उरलाच. वनखात्यातील आर्थर कारहार्ट याचे मत असे, की जलमार्ग हेच येथील रस्ते असावेत. मोटारींसाठी सडका नकोत. इतक्यात, १९२५ मध्ये, एडवर्ड बॅकस या कागद-कारखानदाराने सीमेवरील सरोवरांवर धरणे बांधण्याची योजना पुढे केली. अर्नेस्ट ओबरहोल्ट्झर यांनी तिच्याविरुद्ध लढा उभारला. १९३० च्या कायद्याने काठापासून ४०० फुटांपर्यंत वृक्षतोड निषिद्ध ठरली व पाण्याच्या नैसर्गिक पातळीस संरक्षण मिळाले.

तथापि यंत्राला आकाशाची वाट मोकळी होती. विमाने आडबाजूच्या सरोवरांवर मासे धरणारे हौशी प्रवासी उतरवू लागली. १९४९ मध्ये ट्रूमन यांनी ४,००० फुटांखालील उड्डाणास बंदी केली.

या निर्बंधांची किंमत मात्र स्थानिकांना मोजावी लागली. लाकूडतोड, मोटारबोटी, विश्रामगृहे यांवर त्यांचा संसार चालत असे. अरण्यरक्षणाचे पुरस्कर्ते लेखक सिगर्ड ऑल्सन हे ईली गावचेच रहिवासी. पण १९७७ साली तेथील जाहीर सुनावणीच्या वेळी त्यांच्याच पुतळ्याला फास लावण्यात आला. पुढच्याच वर्षीच्या कायद्याने वृक्षतोड थांबविली आणि मोटारबोटी मोजक्या सरोवरांपुरत्या मर्यादित केल्या.

आज तेथे एका तुकडीत नऊहून अधिक माणसांना प्रवेश नाही. शांतता ही निसर्गाची देणगी खरी. पण ती टिकविण्यासाठी माणसाला कायदे करावे लागले, आणि त्या कायद्यांपायी शेजाऱ्यांचा रोषही पत्करावा लागला.