वणवा आणि मदतनिधी: पैसा कोणापर्यंत पोचतो?

13 जून 2024 रोजी उत्तराखंडच्या अल्मोडा जिल्ह्यातील बिनसर अभयारण्यात वणवा विझवायला गेलेली वनखात्याची तुकडी आगीत सापडली. चौघे जागीच गेले: एक बीट अधिकारी, एक फायर वॉचर, प्रांतीय रक्षक दलाचा एक जवान आणि एक रोजंदारी मजूर. भाजलेल्या चौघांना विमानाने दिल्लीला एम्समध्ये आणले गेले. राज्य सरकारने मृतांच्या वारसांना प्रत्येकी 10 लाख रुपये जाहीर केले.

अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात 'आपत्ती व्यवस्थापन' शिकताना आपण आग कशी पसरते ते पाहतो. चीड वृक्षाची वाळलेली सुईसारखी पाने, ज्यांना डोंगरात पिरूल म्हणतात, किती चटकन पेट घेतात तेही पाहतो. आग विझल्यावर मदतीचा पैसा कुठून येतो आणि कोणाला मिळतो, हा भाग मात्र राहून जातो. बिनसरच्या मृतांच्या घरी रक्कम पोचली असे धरले, तरी ज्यांचे गवत, सरपण आणि चराई त्या डोंगरावर जळली त्या गावकऱ्यांसाठी कोणता निधी आहे? याचे उत्तर शोधायला थोडे मागे जावे लागते.

प्रत्येक मदतनिधी एखाद्या संकटातून जन्मतो आणि त्या संकटाचा ठसा त्याच्यावर राहतो. 1899-1900 च्या दुष्काळाला राजस्थान-गुजरातेत आजही 'छप्पनिया' म्हणतात, कारण तो विक्रम संवत 1956 मध्ये पडला. त्या वेळी जयपूरचे महाराज सवाई माधोसिंह (दुसरे) यांच्या 15 लाख रुपयांच्या देणगीतून 'इंडियन पीपल्स फॅमिन ट्रस्ट' उभा राहिला. मुद्दल सरकारी रोख्यांत ठेवायचे आणि व्याज दुष्काळग्रस्तांवर खर्च करायचे, अशी त्याची रचना होती. पैसा कायम टिकावा हा हेतू चांगलाच, पण निधीच्या नावातच 'दुष्काळ' होता.

दुसरा टप्पा दिल्लीचा आहे. फाळणीनंतर किंग्जवे कॅम्प, पुराना किल्ला आणि हुमायूनची कबर येथे निर्वासितांच्या छावण्या पडल्या होत्या. जानेवारी 1948 मध्ये पंतप्रधान जवाहरलाल नेहरूंनी देशाला आवाहन केले आणि लोकांच्या देणग्यांतून पंतप्रधान राष्ट्रीय मदतनिधी सुरू झाला. त्यात अर्थसंकल्पातला एक पैसाही जात नाही. संसदेने कायदा करून हा निधी स्थापलेला नाही आणि खर्चाला मंजुरी पंतप्रधान देतात. मूळ उद्देश पाकिस्तानातून आलेल्या विस्थापितांना मदत करण्याचा होता. पुढे पूर, चक्रीवादळ, भूकंप, मोठे अपघात, दंगली, आणि गंभीर आजारांवरील उपचार असा त्याचा विस्तार होत गेला. उद्देशाची चौकट सैल असल्यामुळेच हे शक्य झाले.

दिल्लीतल्या आगींच्या वेळी हा निधी चटकन हलताना दिसतो. 8 डिसेंबर 2019 रोजी अनाज मंडीतल्या कारखान्याला पहाटे आग लागून 43 कामगार मेले. पंतप्रधान मदतनिधीतून प्रत्येक मृताच्या वारसाला 2 लाख आणि दिल्ली सरकारकडून 10 लाख रुपये त्याच दिवशी जाहीर झाले. 13 मे 2022 रोजी मुंडक्यात 27 जण गेले, तेव्हाही वारसांना 2 लाख आणि जखमींना 50 हजार रुपये जाहीर झाले. अशा रकमेला सरकारी भाषेत 'सानुग्रह' मदत म्हणतात, म्हणजे हक्काने मिळणारी नव्हे, अनुग्रहाने मिळणारी. हा शब्द लक्षात ठेवा. वेग या अनुग्रहातूनच येतो. सूत्र साधे असते, मृत म्हणजे इतके आणि जखमी म्हणजे इतके. पंचनामा, वारसाचा दाखला, बँक खाते एवढ्यावर काम होते. जे जिवंत राहिले आणि ज्यांचा रोजगार गेला, ते या सूत्रात कुठेच बसत नाहीत.

2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने देणगीच्या बाजूला दुसरा, सरकारी प्रवाह उभा केला: राष्ट्रीय आणि राज्य आपत्ती प्रतिसाद निधी. त्यांच्या आपत्तींच्या यादीत पूर, दुष्काळ, गारपीट, दरड यांच्याबरोबर 'आग' आहे, 'वणवा' असा वेगळा शब्द नाही. मृत्यू, अपंगत्व, घर, पीक, जनावर यांचे दर ठरलेले आहेत. मृत्यूसाठी 4 लाख रुपये. पण कुमाऊँच्या डोंगरावरचे गवत हे पीक नाही, आणि गोंदियातल्या जंगलातली मोहाची फुले कोणाच्या सातबाऱ्यावर नसतात. वणव्यात घर क्वचितच जळते, वर्षाची मिळकत मात्र जळते. म्हणजे मोजमापाची पट्टी हीच इथली अडचण आहे.

आणि अडचण एवढ्यावर थांबत नाही. माझ्या मते मूळ कारण वनकायद्यात आहे. 1921 मध्ये कुमाऊँच्या लोकांनी जंगले राखीव करण्याच्या धोरणाविरुद्ध आंदोलन केले, तेव्हा अनेक ठिकाणी जंगलांना आगी लावल्या गेल्या. त्या असंतोषातूनच पुढे 1931 मध्ये वनपंचायतींचे नियम आले, हा त्या इतिहासाचा चांगला भाग. दरम्यान 1927 चा भारतीय वन कायदा झाला. त्याच्या कलम 26 नुसार राखीव जंगलाला आग लावणे गुन्हा आहे. एवढे समजण्यासारखे आहे. पण त्याच कलमात पुढे असेही आहे की आग मुद्दाम किंवा घोर निष्काळजीपणाने लागली असेल, तर राज्य सरकार त्या जंगलातले चराईचे आणि वनोपजाचे सगळे हक्क काही काळ स्थगित करू शकते. कोणी एकाने काडी ओढली तर गुरे साऱ्या गावाची अडतात. कलम 79 म्हणते की जंगलात ज्यांना हक्क आहेत त्यांनी आग विझवायला मदत केलीच पाहिजे. न केल्यास एक महिन्यापर्यंत कैद किंवा 200 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आता दोन्ही बाजू शेजारी ठेवून पाहा. वनकायद्याच्या नजरेत गावकरी हा संशयित आहे किंवा बिनपगारी अग्निशामक आहे. आपत्तीग्रस्त म्हणून त्याचा उल्लेखच नाही. विदर्भातही हीच कुजबुज ऐकू येते, 'मोहा वेचायला पालापाचोळा जाळतात, त्यातून वणवे लागतात'. काही आगी तशा लागतात हे खरेच आहे. पण 8 एप्रिल 2021 रोजी नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात वणवा विझवताना जे तिघे मेले, ते आसपासचे रोजंदारी मजूरच होते.

मग सरकारी दरपत्रक जिथे थांबते तिथे धर्मादाय निधीने पुढे जावे, असे तुम्ही म्हणाल. जाता येते, पण कागद नीट लिहिलेला असेल तरच. ऑस्ट्रेलियाचे उदाहरण यासाठी फार उपयोगी आहे. जानेवारी 2020 मध्ये तिथल्या महावणव्यांच्या वेळी विनोदी अभिनेत्री सेलेस्ट बार्बर यांनी फेसबुकवर आवाहन केले. उद्दिष्ट 30 हजार डॉलरचे होते, जमले 5 कोटी 10 लाख ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर. पैसा न्यू साउथ वेल्सच्या ग्रामीण अग्निशमन सेवेच्या न्यासात गेला. घरे जळलेल्या लोकांनाही तो मिळावा, अशी पुष्कळ देणगीदारांची आणि स्वतः बार्बर यांची इच्छा होती. मे 2020 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की न्यासाचे विश्वस्तपत्र अग्निशमन दलांसाठी आहे, सबब पैसा इतर संस्थांना किंवा वणवाग्रस्तांना देता येणार नाही. मृत व जखमी अग्निशामकांच्या कुटुंबांना, तसेच त्यांच्या मानसिक उपचारांना तो देता येईल. देणगीदाराच्या मनात काय होते यापेक्षा कागदावर काय आहे ते मोठे ठरले.

त्याच वर्षी दिल्लीतही निधींच्या सीमारेषेचा प्रश्न आला. मार्च 2020 मध्ये नवी दिल्लीत धर्मादाय न्यास म्हणून नोंदलेल्या पीएम केअर्स निधीतला पैसा राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद निधीत वळवावा, अशी मागणी सर्वोच्च न्यायालयात झाली. 18 ऑगस्टला न्यायालयाने ती फेटाळली. दोन्ही निधी वेगळे, उद्देश वेगळे, असा निकालाचा आशय होता. निधीच्या पारदर्शकतेवर आपल्याकडे वाद होतात आणि ते व्हायलाच हवेत. पण उद्देशाच्या कलमावर वर्तमानपत्रात कधी चर्चा झालेली मी पाहिली नाही.

कागद वेगळ्या पद्धतीने लिहिला तर काय होते, ते हवाईत दिसले. 8 ऑगस्ट 2023 रोजी माउई बेटावरचे लहैना शहर वणव्यात जळाले. ओप्रा विन्फ्री आणि ड्वेन जॉन्सन यांनी सुरुवातीचे 1 कोटी डॉलर घालून 'पीपल्स फंड ऑफ माउई' काढला. बेघर झालेल्या प्रत्येक प्रौढाला दरमहा 1,200 डॉलर थेट खात्यात, बाकी चौकशी नाही. ओळखपत्र आणि तिथे राहत असल्याचा पुरावा, उदाहरणार्थ विजेचे बिल, पुरेसा. आठ हजारांहून अधिक लोकांना सहा महिने हा पैसा मिळाला. इथे मोजमाप मृत्यूचे नव्हते, विस्थापनाचे होते. तरीही हे सूत्र जसेच्या तसे कुमाऊँत चालणार नाही: तिथे घर उभेच असते आणि विजेचे बिलही येत राहते. तिथे पुरावा लागेल तो वनपंचायतीच्या नोंदींचा आणि विदर्भात ग्रामसभेच्या सामूहिक वनहक्क दाव्याचा.

सरावासाठी: वणवाग्रस्त गावासाठी एका मदतनिधीचे उद्देश-कलम पाच ओळींत लिहा. लाभार्थी कोण, नुकसान कशाने मोजायचे, पुरावा कोणता आणि वणवा न आलेल्या वर्षी शिल्लक पैशाचे काय करायचे, हे चारही त्यात आले पाहिजे. मग ते शेजारच्या विद्यार्थ्याला द्या आणि बिनसरच्या रोजंदारी मजुराचे कुटुंब व गुरे राखणारी एखादी शेजारीण, या दोघांपैकी कोणाला त्यातून पैसा मिळतो ते तपासायला सांगा.