बारा वर्षांचं बिल

आधी डोक्याला पागोटं बांधा. फेब्रुवारी १८९१ च्या पुण्यात बोडक्या डोक्यानं हिंडणारा माणूस एक तर सुतकात असतो, नाही तर सुधारक असतो, आणि या महिन्यात लोक दोघांपासूनही सारख्याच अंतरावरून जातात. तुम्ही बाई असाल तर पागोट्याची कटकट नाही, पण मग सभेचीही नाही. बोलायचं पुरुषांनी, ऐकायचंही पुरुषांनी.

तुळशीबागेकडे निघा. ओट्याओट्यावर एकच विषय आहे : संमतिवयाचं बिल. ९ जानेवारीला कलकत्त्यात सर अँड्र्यू स्कोबल यांनी ते व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मांडलं. १८६० च्या पीनल कोडाप्रमाणे दहा वर्षांखालच्या मुलीशी संभोग हा बलात्कार ठरतो, मग ती लग्नाची बायको का असेना. दहाच्या जागी बारा करायचे, एवढंच बिल. या दोन वर्षांसाठी पुण्याचा घसा बसला आहे.

गल्लीत वळताना सनई ऐकू येईल. लग्न नाही, एका मुलीला न्हाण आलंय. तुम्ही बाई असाल तर खुशाल आत जा, कुणी अडवणार नाही. केळीच्या खुंटांचं मखर, त्यात अकरा वर्षांची मुलगी, अंगावर आईची असावी अशी मोठी पैठणी, काठ पायात येतोय. बायका ओटी भरतायत, उखाणे घेतायत. मुलगी खोबऱ्याचा तुकडा कुरतडत समोरच्या ताटातल्या लाडवांकडे बघतेय. वाजंत्री लावल्यामुळे साऱ्या पेठेला कळलंय की सोळा दिवसांच्या आत गर्भाधान व्हायचं. सभेत ज्या ‘संस्कारा’वर वाद रंगणार, तो हा. ओटी भरणाऱ्यांपैकी दोघीतिघी गप्प आहेत, त्यांच्याकडे जरा बघा. बिलाबद्दल त्यांचं मत विचारायला आजवर कुणी आलेलं नाही.

तुळशीबागेतल्या सभेत दोन मुद्दे पुन्हापुन्हा येतात. पहिला शास्त्राचा : ऋतुप्राप्तीनंतर गर्भाधान टाळणं हे पाप, आणि मुलगी बाराच्या आत न्हाती झाली तर सरकार आम्हाला पाप करायला लावणार. डॉ. रा. गो. भांडारकर याला ग्रंथांतूनच उत्तर देतायत, टिळक ‘केसरी’तून ते खोडतायत. दुसरा मुद्दा राज्याचा, आणि तो जास्त जोरकस आहे : १८५८ च्या जाहीरनाम्यात राणीनं धर्मात हात घालणार नाही असा शब्द दिला होता, त्याचं काय झालं?

टिळकांना सरसकट बालविवाहाचे कैवारी समजू नका. काही महिन्यांपूर्वी त्यांनीच सुचवलं होतं की मुलीचं लग्न सोळाच्या आत करू नये, विधवांचं केशवपन बंद करावं, आणि ज्यांना हे पटतं त्यांनी सही करून स्वतःपासून सुरुवात करावी. म्हणजे स्वखुशीनं सोळा चालतील, सरकारच्या हुकुमानं बारा नकोत. भांडण वयाचं नाहीच, अधिकाराचं आहे. तर्क म्हणून तो भक्कम आहे. त्यात बसत नाही ती फक्त मखरातली मुलगी. सही करणाऱ्यांच्या यादीत तिच्या नवऱ्याचं नाव येईपर्यंत तिनं थांबायचं कुठं, याचं उत्तर तुळशीबागेत मिळत नाही. आगरकर ‘सुधारका’त हेच विचारतात, आणि याच पुण्यानं त्यांच्या जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढलेली आहे.

पण सरकारला आत्ताच जाग का आली? गेल्या वर्षी कलकत्त्यात फुलमणी दासी नावाची मुलगी नवऱ्याच्या संभोगानं रक्तस्राव होऊन मेली. नवरा पस्तिशीच्या आसपासचा. तिचं वय दहाच्या वर असल्यानं बलात्काराचा आरोप ठेवताच आला नाही. त्याला एक वर्षाची सक्तमजुरी झाली. त्याच वर्षी सुधारक बेहरामजी मलबारी लंडनला गेले आणि संमतिवय वाढवावं म्हणून बड्या लोकांची समिती उभी करून बसले. रखमाबाईंचा खटला विलायतेत आधीच गाजला होता : नवऱ्याकडे नांदायला जा, नाही तर सहा महिने तुरुंगात, असा निकाल १८८७ मध्ये मुंबईच्या हायकोर्टानं दिला होता. नांदायला नकार देणाऱ्या बाईला तुरुंगात धाडण्याची तरतूद काढा, असंही मलबारींच्या बाजूचे लोक म्हणत होते. सरकारनं सगळं ऐकून घेतलं आणि त्यातलं सर्वांत कमी दुखणारं उचललं. लंडनला काहीतरी केल्याचं दाखवता आलं, आणि पुण्या-कलकत्त्यात पेटलंच तर फार पेटू नये हेही साधलं. माझ्या मते हा कायदा झाला तो असा.

आता क्रीडाभुवनात चला, तिथं बिलाच्या बाजूची सभा आहे. पागोटं घट्ट धरा. आरडाओरडा, धक्काबुक्की, आणि सभा उधळली जाते. दोष कुणाचा यावरून पुढं वर्तमानपत्रांत जुंपणार आहे. तुम्ही गर्दीबरोबर बाहेर पडा.

१९ मार्चला थेट कलकत्त्याच्या कौन्सिलात. पुण्याचे रावबहादूर कृष्णाजी लक्ष्मण नूलकर बिलाच्या बाजूनं आहेत, सर रमेशचंद्र मित्र विरोधात. बिल मंजूर होतं, १८९१ चा दहावा कायदा. पुण्यात सुधारक जिंकल्याची भावना, सनातनी संतापलेले. पण मंजूर मसुदा जरा पुढंपर्यंत वाचा. आरोपी नवरा असेल तर खटला फक्त जिल्हा मॅजिस्ट्रेट किंवा चीफ प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेट हाती घेणार, तपास इन्स्पेक्टरच्या खालच्या पोलिसानं करायचा नाही. घरात पोलीस शिरतील ही भीती सभासभांतून घातली होती ना, ती इथं कलमात उतरली आहे. अकरा वर्षांच्या मुलीनं जिल्हा मॅजिस्ट्रेटाकडे जायचं कसं, हे कलमात नाही. आरडाओरड्यानं कायदा थांबला नाही; त्याचे दात मात्र पडले.

१९२५ मध्ये बायकोसाठी वय तेरा झालं, ते ओलांडून १९२८ मध्ये उतरा. सर मोरोपंत जोशी यांची समिती देशभर फिरून साक्षी घेते आहे. या वेळी समितीतही बायका आहेत आणि साक्षीलाही. सदतीस वर्षांपूर्वी ज्यावरून सभा उधळल्या, तो कायदा लोकांना फारसा माहीतच नाही असं समितीला आढळतं. मग ती नुसत्या संमतिवयावर थांबत नाही, लग्नाचंच वय वाढवा म्हणते. हरविलास सारडांचं बिल सप्टेंबर १९२९ मध्ये मंजूर होतं : मुलगी चौदा, मुलगा अठरा. अंमल १ एप्रिल १९३० पासून.

मधल्या सहा महिन्यांत उतरलात तर जागोजागी लग्नांची घाई दिसेल. एरवी दोन वर्षं थांबले असते असे बापही कार्य उरकून घेतायत. हे टाळायला म्हणून एप्रिलात गेलात आणि एखादं बेकायदा लग्न दिसलंच, तर पोलिसांकडे जाऊन उपयोग नाही. कोर्टात तक्रार तुम्हालाच करावी लागेल, तीही वर्षाच्या आत, आणि खोटी ठरल्यास द्यायच्या भरपाईसाठी शंभर रुपयांपर्यंतचा मुचलका आधीच लिहून द्यावा लागेल. तेवढी रक्कम जवळ ठेवा.