देवीविरुद्धची लढाई : इफिस, कुंकळ्ळी आणि तेरणाकाठ

१/
लोहारा तालुक्यातील माकणी हे गाव आज निम्न तेरणा धरणामुळे ओळखले जाते. याच तेरणेच्या काठाने वर गेले की तेर लागते. म्हणजेच प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात पैठणच्या जोडीने तगराचे नाव येते आणि तेथील माल भडोच बंदराकडे जात असल्याची नोंद आहे. तेरच्या पांढरीतून लज्जागौरीच्या मूर्ती मिळाल्या. तेथेच सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीशी जवळचे साम्य असलेली एक मूर्ती १९३८ साली थेट इटलीतील पाँपेई येथे, ज्वालामुखीच्या राखेखाली सापडली.

२/
मित्रहो, ज्या भूमध्य जगाशी तेरचा असा संबंध होता, त्याच जगात त्या सुमारास एक नवा धर्म उदयाला येत होता. त्या धर्मात पुढे 'आध्यात्मिक युद्ध' ही कल्पना रुजली : हे जग अदृश्य दुष्ट शक्तींनी वेढलेले आहे आणि श्रद्धावंताने त्यांच्याशी झुंजले पाहिजे. ही कल्पना आणि आपल्याकडील देवीउपासना समोरासमोर आल्या, तेव्हा नेमके काय घडले? या धाग्यात ते क्रमाने पाहू.

३/
आरंभ इफिसपासून करावा लागतो. आजच्या तुर्कस्तानातील हे प्राचीन नगर अर्तमी देवीच्या भव्य मंदिरासाठी प्रसिद्ध होते. बायबलमधील 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात एक प्रसंग आहे. पौलाच्या उपदेशामुळे देवीच्या चांदीच्या देव्हाऱ्यांचा धंदा बुडेल, या भीतीने देमेत्रिय नावाचा सोनार कारागिरांना चिथावतो आणि नगरात दंगल उसळते. श्रद्धा आणि पोट यांची गाठ तेव्हाही अशीच घट्ट होती. याच नगराच्या नावे असलेल्या 'इफिसकरांस पत्र' यात आध्यात्मिक शस्त्रसामग्रीचे ते सुप्रसिद्ध रूपक येते : कमरबंद, उरस्त्राण, ढाल, शिरस्त्राण, तलवार.

४/
आता एका शब्दाचा प्रवास पाहा. ९६ व्या स्तोत्राच्या मूळ हिब्रू पाठात इतर राष्ट्रांच्या देवांसाठी 'एलिलीम' हा शब्द आहे. त्याचा अर्थ कवडीमोल, निरर्थक वस्तू. ग्रीक भाषांतरात त्या जागी 'दैमोनिया' हा शब्द आला आणि लॅटिनमध्येही तोच उतरला. फरक लहान वाटतो, परंतु त्याचे परिणाम मोठे झाले. निरर्थक वस्तूकडे दुर्लक्ष करता येते. भूत-पिशाच म्हटले की त्याचे अस्तित्व, सामर्थ्य आणि इच्छा हे सारे मान्य करावे लागते, आणि मग त्याच्याशी लढावेही लागते.

५/
इफिसनेच पुढे इतिहासाला आणखी एक वळण दिले. इ. स. ४३१ मध्ये येथे भरलेल्या धर्मसभेने मरियेला 'देवाला जन्म देणारी' ही पदवी मान्य केली. अर्तमीच मरिया झाली, असे सोपे विधान पुराव्यावर टिकत नाही. त्या सभेतील वाद ख्रिस्ताच्या स्वरूपाविषयी होता. तरीही एवढे निश्चित की, स्त्रीरूपाशी शतकानुशतके बोलणाऱ्या समाजाला प्रार्थनेसाठी मातेचे रूप उपलब्ध राहिले. ही गोष्ट ध्यानात ठेवून गोव्याकडे वळू.

६/
२५ नोव्हेंबर १५१० रोजी अफोंसो द अल्बुकर्कने गोवे जिंकले. १५४० च्या सुमारास तिसवाडीतील देवळे पाडण्यात आली आणि त्यांच्या जमिनींचे उत्पन्न ख्रिस्ती संस्थांकडे वळवण्यात आले. १५४३ मध्ये बार्देश आणि साष्टी हे प्रांत पोर्तुगीजांकडे आले. १५६० मध्ये इन्क्विझिशन सुरू झाले. मधला थोडा खंड वगळता ते १८१२ पर्यंत चालले. १५६७ च्या सुमारास साष्टीत देवळांचा सरसकट विध्वंस झाला. या मोहिमेमागे धर्मशास्त्र होते, तसेच महसूल आणि सत्ताही होती. सैतानाच्या ठाण्यावर विजय मिळवल्याची भाषा आणि जमिनीची मालकी बदलल्याचा दस्तऐवज, दोन्ही हातात हात घालून चालत होते.

७/
देवींचे काय झाले? त्या नदीपलीकडे गेल्या. केळोशीची शांतादुर्गा कवळ्यास आली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला, कोलव्याची महालक्ष्मी बांदिवड्यास, रायची कामाक्षी शिरोड्यास. ही नवी ठिकाणे अंत्रुज महालात, म्हणजे आजच्या फोंडा परिसरात होती आणि तो मुलूख तेव्हा विजापूरच्या आदिलशाहीत होता. आपल्या जिल्ह्यातील नळदुर्गाचे सध्याचे रूप बहुतांशी ज्या आदिलशाहीने घडवले, तिच्याच हद्दीत या विस्थापित देवींना निवारा मिळाला. कवळ्याचे आजचे देवालय पुढे छत्रपती शाहूंच्या काळात, त्यांचे मंत्री नारोराम यांच्या पुढाकाराने उभे राहिले.

८/
साष्टीतील कुंकळ्ळीचा प्रसंग सर्वांत रक्तरंजित आहे. देवळांची जाळपोळ आणि कर यांमुळे तेथील गावकर खवळले होते. जुलै १५८३ मध्ये चर्चसाठी जागा पाहण्यास आलेल्या पाच जेझुइटांना व त्यांच्या काही सोबत्यांना गावकऱ्यांनी ठार केले. त्यांचा प्रमुख रुदोल्फो अक्वाविवा होता. काही महिन्यांपूर्वीपर्यंत तो अकबराच्या दरबारात धर्मचर्चा करीत होता. पोर्तुगीजांनी सूड उगवला. गावच्या प्रमुखांना बोलणीच्या निमित्ताने असोळणा किल्ल्यावर बोलावून त्यांची कत्तल करण्यात आली. कुंकळ्ळीकरीण शांतादुर्गा फातर्प्याला गेली. चर्चने त्या पाच जणांना हुतात्मे मानले, आणि कुंकळ्ळी आपल्या गावकऱ्यांना हुतात्मे मानते.

९/
याच साष्टीत तेव्हा थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट होता. १५७९ मध्ये तो गोव्यात आला. १६१६ मध्ये रायतूर येथे त्याचे 'ख्रिस्तपुराण' छापले गेले : सुमारे ११,००० ओव्या, भाषा मराठी, लिपी रोमन. ज्या ओवीने देवतांचे माहात्म्य गायले जात असे, तीच त्याने ख्रिस्तकथेसाठी वापरली. स्वर्गाला 'वैकुंठ' म्हणायलाही तो कचरला नाही. त्याच्यानंतर एतियेन द ला क्रुवा या फ्रेंच जेझुइटाने संत पीटरवर मराठी पुराण रचले आणि त्यात हिंदू देवतांचे खंडन मांडले. म्हणजे देवळाच्या भिंती पाडून लढाई संपली नव्हती. ती आता आपल्याच छंदात शिरली होती.

१०/
येथे ४ क्रमांकाचा मुद्दा पुन्हा आठवा. देवीला सैतान ठरवणाऱ्याने तिचे अस्तित्व नाकारले नाही, उलट ते पक्के केले. नवख्रिस्ती कुटुंबाला जर सांगितले की गावची देवी ही एक खरी आणि भयंकर शक्ती आहे, तर त्या कुटुंबाने तिला विसरावे कसे? संकटात, आजारपणात, नांगरणीच्या वेळी तिची आठवण येणारच. इन्क्विझिशनला धर्मांतरितांच्या जुन्या रूढींवर पिढ्यान्‌पिढ्या पाळत ठेवावी लागली, यातच सारे आले.

११/
सामान्य जनांनी मात्र वेगळी वाट काढली. बार्देश-डिचोली भागातील लोककथेत देवी सात बहिणी आहेत. शिरगावची लईराई, मोरजीची मोरजाई, केळबाई, आणि त्यांतलीच एक मिराबाई. ही मिराबाई ख्रिस्ती झाली, ती म्हणजे म्हापशाची मिलाग्रीस सायबीण! सायबिणीच्या फेस्ताला हिंदू भाविक तेल घेऊन जातात; लईराईच्या जत्रेत धोंड अग्निदिव्य करतात, आणि दोघी बहिणी एकमेकींना तेल-फुले पाठवतात असे परंपरा सांगते. धर्मपीठाने जिथे शत्रुत्व पाहिले, तिथे लोकांनी नाते लावले. धर्म बदलला म्हणून बहीण परकी होत नाही, हा त्या कथेचा साधा न्याय आहे.

१२/
फातर्प्याला गेलेली कुंकळ्ळीकरीणही दरवर्षी फाल्गुनात पालखीतून आपल्या मूळ गावी येते. या 'सांत्र्यो' उत्सवात बारा वांगडांच्या रंगीत छत्र्या मिरवतात, आणि त्या जुन्या गावकर घराण्यांचे ख्रिस्ती वंशजही त्यात सामील होतात.

१३/
परंतु सावधान. या गोड कथेमुळे विध्वंस सौम्य ठरत नाही. बहिणींची कथा ही जखमेवर आलेली खपली आहे. जखम कोणी केली, ते कागदोपत्री स्पष्ट आहे. त्याचबरोबर सोळाव्या शतकातील सत्ताधाऱ्यांच्या कृत्याचा जाब आजच्या गोवेकर ख्रिस्ती शेजाऱ्याला विचारणे हाही इतिहासाचा विपर्यासच. त्याचे पूर्वज बहुधा त्या घटनेचे बळी होते. मराठी ख्रिस्ती परंपरेतच रेव्हरंड ना. वा. टिळक (१८६१–१९१९) आहेत. त्यांनी ख्रिस्ताला आईच्या नात्याने हाक मारली आणि आपली वाट संतांच्या अभंगांमधून आल्याचे मोकळेपणाने मान्य केले.

१४/
ही लढाईची भाषा जुन्या काळापुरती राहिली नाही. १९९० च्या दशकात अमेरिकेतील पीटर वॅग्नर यांनी प्रदेशांवर ताबा असलेल्या दुष्टात्म्यांविरुद्ध सामूहिक प्रार्थनायुद्धाचा विचार मांडला. यिर्मयाच्या ग्रंथात जिच्यासाठी स्त्रिया पोळ्या भाजतात ती 'स्वर्गाची राणी', इफिसची अर्तमी आणि इतर देवी यांच्यामागे एकच शक्ती आहे, अशी त्यांची धारणा होती. १९९९ मध्ये इफिसच्या प्राचीन नाट्यगृहात हजारो अनुयायी प्रार्थनेसाठी जमले. अनेक ख्रिस्ती अभ्यासकांनीच या विचाराला बायबलचा आधार नसल्याची टीका केली.

१५/
गंमत अशी की, 'जगातील सर्व देवी म्हणजे एकच आदिम महामाता' असे उत्साहाने सांगणारेही हेच गृहीत धरतात. एक तिला सैतान म्हणतो, दुसरा माता म्हणतो. दोघेही सगळ्या देवींना एकाच साच्यात ओततात. पुरावा वेगळे सांगतो. तेरची लज्जागौरी मस्तकाच्या जागी कमळ धारण करते. तिच्या हाती शस्त्र नाही, तिचा संबंध सुफलनाशी आहे. त्याच जिल्ह्यातील तुळजाभवानी अष्टभुजा महिषासुरमर्दिनी आहे, आणि तिची मूर्ती चल आहे. वर्षातून तीनदा ती सिंहासनावरून उतरून पलंगावर निद्रा घेते. एका जिल्ह्यात दोन देवी, दोन स्वभाव.

१६/
म्हणूनच 'प्राचीन देवीपूजा' अशी एकसंध वस्तू शोधू नका. देवी असते केळोशीची, कुंकळ्ळीची, शिरगावची, तुळजापूरची. तिच्याविरुद्धची मोहीम एका कल्पनेवर चालून गेली. लोकांनी जपले ते गावाचे आणि रक्ताचे नाते. रात्रीच्या अंधारात नदी ओलांडताना त्यांनी सिद्धान्त उचलून नेला नव्हता, आपली देवी नेली होती. जी मागे राहिली, तिला त्यांनी बहीण मानले.

१७/
तेरला गेलात तर तेथील संग्रहालय अवश्य पाहा. माकणीपासून ते फार दूर नाही, आणि वाटही त्याच तेरणेच्या खोऱ्यातून जाते. तुमच्या गावच्या देवीच्या बहिणी कोणकोणत्या गावांत आहेत, हे घरातील आजीला विचारून खाली जरूर लिहा. अशा कथा कागदावर येणे हेच इतिहासाचे पहिले साधन असते.
धागा समाप्त.